कर्ण्यावर घेतलेलं नाव

काशीच्या लग्नाला तिच्या बापाने, दत्तात्रेय पाटलाने, उरणहून कर्णा आणला. सत्तावन्न साल होतं. केळपाड्यात तोवर कर्ण्यावाचून कुणाचं लग्न अडलं नव्हतं, पण पाटलाची ही एकुलती मुलगी, आणि व्याही करंज्याचे, तालेवार. हरेश्वर नावाचा कर्णेवाला बैलगाडीतून बॅटऱ्या, तबकड्यांची पेटी आणि ते पत्र्याचं भलंमोठं फूल घेऊन आला. फूल त्याने अंगणातल्या जांभळीवर चढवलं, तोंड खाडीकडे केलं आणि मांडवात बोलायचा दांडा उभा केला.

"इथं कुजबुजलात तरी पल्याडच्या गावाला ऐकू जाईल," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता.

ठमाबाईला तो दांडा नको होता. "आमचा आवाज पुरतो गावाला," ती म्हणाली. पण पाटलाने हात जोडले, "र्‍हाऊ दे काकी, हौस हाय," आणि ती गप्प बसली.

ठमाबाई धवलारीण होती. आगरी घरात लग्न चालतं ते धवलारणीच्या गळ्यावर. हळद कधी कुटायची, तेल कुणी घालायचं, मुंडावळ्या कुणी बांधायच्या, सगळं तिच्या धवल्यात, लग्नाच्या गाण्यात, असतं. ती गाते तसतसं घर हलतं. भटजी येतो, अक्षता टाकायला लावतो आणि जातो. ठमाबाईने हे धवले आपल्या आत्याकडून घेतले होते. पहिली ओळ ती उचलायची आणि दुसरी बायजा. गेली सतरा-अठरा वर्षं आसपासच्या पाच गावांत या दोघींशिवाय लग्न झालं नव्हतं.

बायजा मूळची केळपाड्याची नव्हे. तिशीच्या आतच नवरा गेला, दिरांनी तिला मिठागरावर टोपल्या वाहायला धाडलं, आणि तिथे ती ठमाबाईच्या मागे रांगेत उभी राहिली. ठमाबाईचा नवरा बाबाजी मुंबईच्या गोदीत कामाला म्हणून गेला होता आणि तिकडेच दुसरं घर करून राहिला होता. एका मोसमाअखेर ठमाबाई म्हणाली, "माझ्या घरात जागा हाय." बायजा आपलं गाठोडं घेऊन आली. पहिल्याच पावसाळ्यात दोघींना कळलं की ही नुसती सोय नाही. त्याला काय म्हणायचं ते दोघींनाही ठाऊक नव्हतं, आणि घरात तशी गरजही पडत नव्हती. गरज पडायची ती दाराबाहेर.

बाहेरचं सगळं बायजाने सांभाळलं. ठमाबाईच्या सासरच्यांना तिने सांगितलं, मी भाडेकरू. मिठागरावरच्या मुकादमाला सांगितलं, मावसबहीण. धवले ऐकायला येणाऱ्या बायांना, गुरुबहीण. शिरगणतीचा कारकून आला तेव्हा त्याने विचारलं, नातं काय लिहू? बायजा म्हणाली, "बहीन लिवा." तो म्हणाला, सख्खी? ती म्हणाली, "सख्खीच लिवा, तुमाला बरं पडंल." कुणाला काय सांगितलंय ते तिला लक्षात ठेवावं लागायचं. बाजारात ठमाबाईने तिचा हात धरला की ती लगेच पायाकडे बघायची, जणू ठेच लागलीय. कुणी बघितलं तर म्हणायची, "हिला वाट दिसत न्हाय नीट." ठमाबाईची नजर घारीसारखी होती.

काशीच्या लग्नात दोघी दोन दिवस गात होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळपासून बायजाच्या अंगात कणकण होती. डोळे लाल, आवाज बसलेला. दुपारी अक्षता पडल्या, पंगती बसल्या आणि मांडवात बायांचा उखाण्यांचा धुमाकूळ सुरू झाला. काशीने नाव घेतलं, तिच्या नवऱ्याने घेतलं, मग एकेकीला धरून उभं करायला लागल्या. हरेश्वरने दांडा मध्ये आणून ठेवला होता. प्रत्येकीचं नाव जांभळीवरून गावभर जात होतं आणि बाहेर जेवणारे पुरुष दाद देत होते.

"आता धवलारीणबाय!" कुणीतरी ओरडलं.

बाबाजी जिवंत आहे, एवढं मोऱ्याच्या बंदरात मुंबईहून लाँचने येणाऱ्यांकडून कळायचं. तो जिवंत म्हणून ठमाबाईच्या कपाळाला कुंकू, आणि कुंकू म्हणून प्रत्येक लग्नात तिला त्याचं नाव घ्यावं लागायचं. तिचा एक ठरलेला उखाणा होता. तेवीस वर्षं तोच. तो बायांनाही पाठ होता. ती सुरू करायची आणि शेवट त्याच करायच्या.

ठमाबाई दांड्यासमोर उभी राहिली. तोंड उघडलं आणि थांबली. बाया हसल्या, "इसरलीस काय गो?" तिने मागे वळून पाहिलं. बायजा मांडवाच्या खांबाला टेकून बसली होती, विधवा म्हणून तिला कुणी उठवणार नव्हतं. तिचं डोकं तापाने कलंडलं होतं.

ठमाबाई म्हणाली:

"पिकल्या आगरात पांढरं मीठ,
बायजाचं नाव घेते, तिनं केला माझा संसार नीट."

आणि बुंदीचा लाडू हातात घेऊन ती खांबापाशी गेली, खाली बसली, पदराने बायजाचं कपाळ पुसलं आणि लाडवाचा घास तिच्या तोंडात घातला. मग सगळ्यांदेखत तिच्या कपाळाला ओठ लावले.

मांडव हसला. मोठ्याने, पोट धरून हसला. धवलारीण म्हातारपणी चहाटळ झाली, असं म्हणत बायांनी टाळ्या पिटल्या. पण ठमाबाई हसली नाही. ती तशीच बायजाजवळ बसून राहिली, तिच्या पाठीवर हात ठेवून. आणि बायजाच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ते थांबेना. हसू हळूहळू ओसरलं. वरमाय कृष्णाबाईने आधी आपल्या नणंदेकडे बघितलं, मग जावेकडे, आणि काशीचा हात धरून तिला तिथून उठवलं.

बाहेर पंगतीतला कुणीतरी विचारत होता, "कोनाचं नाव घेतलं? बायजाचं?" खाडीच्या बांधावर काम करणाऱ्यांनीही ते ऐकलं होतं. हरेश्वरने घाईघाईने एक तबकडी लावली.

घरी आल्यावर बायजा अंथरुणावर पडली आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "काय केलंस गो हे?"

"मना त्याचं नाव घ्यायचा कंटाला आला," ठमाबाई म्हणाली.

"मग घ्यायचं नव्हतं कुनाचंच."

"व्हय." ती चुलीशी गेली. "तेपन करता आलं असतं."

बायजाचा ताप चौथ्या दिवशी उतरला. तोवर उखाणा गावातून बाहेर पडला होता. मिठागरावर दोघी टोपल्या घेऊन रांगेत लागल्या की मागून कुणीतरी "पिकल्या आगरात" म्हणायचा आणि पुढचे सगळे मिळून "नीट!" म्हणायचे. मुकादम आधी ओरडला, मग तोही हसायला लागला. कुणाच्या टोपलीची दोरी सुटून पुन्हा बांधली तरी "झाला का संसार नीट?" असं व्हायचं. विहिरीवर बाया बोलणं थांबवायच्या. ज्या शेजारणीला बायजाने गुरुबहीण सांगितलं होतं ती म्हणाली, "मुकादम तर म्हनतो मावसबहीन. खरं कोनतं?" बायजाने काहीतरी सांगितलं. काय सांगितलं ते तिचं तिलाच संध्याकाळी आठवेना.

करंज्याहून कृष्णाबाईचा निरोप आला. लग्नात अभद्र झालं, सुनेला आणि मुलाला पुन्हा तेल-हळद लावून घेतली आहे, दुसऱ्या धवलारणीकडून. आणि केळपाड्याच्या पंचांनी या दोघींचं काय ते बघावं, नाहीतर आम्ही तिकडे सोयरीक सांगणार नाही. पाटलाला दोन रात्री झोप लागली नाही. मग त्याने सकाळच्या वेळी गावदेवीच्या देवळापुढे माणसं बोलावली.

पाटील वाईट माणूस नव्हता. तो आधी दोघींच्या घरी येऊन गेला. ओट्यावर बसला, पाणी प्यायला, आणि जमिनीकडे बघत म्हणाला, "काकी, थट्टा केली म्हना. तेवढंच. बाकी मी बघतो."

देवळापुढे वीस-पंचवीस पुरुष होते, बाया लांब वडाखाली. सगळ्यांत वयस्कर बुधाजी. त्याच्या लग्नात ठमाबाईच्या आत्याने धवले म्हटले होते. तो म्हणाला, "ठमे, तू या गावची. तुझ्या तोंडाला देवाचं नाव. त्या दिवशी बोललीस ते काय होतं?"

"उखाना होता."

"त्यो आमाला कलला. थट्टेचा का खरा?"

ऊन चढत होतं. पाटील तिच्याकडे एकटक बघत होता, म्हण, म्हण, असं.

"खरा," ती म्हणाली.

मागे कुणी हसलं नाही. बुधाजीने मान खाली घातली. एक जण म्हणाला, "म्हंजे काय? बायकांचा कुठं संसार असतो?" दुसरा म्हणाला, "घर खाली करायला लावा." तिसऱ्याला मिठागरावर जायचं होतं, तो म्हणाला, लवकर काय ते आटपा. आवाज वाढायला लागले.

तेव्हा बायजा उठली. तिने पदर डोक्यावर सारखा केला, हात जोडले आणि हसत, अगदी सहज, ज्या आवाजात तिने कारकुनाला आणि मुकादमाला सांगितलं होतं त्याच आवाजात म्हणाली, "थट्टाच होती, आजा. मना ताप होता. मी रडायला लागले म्हनून हिनं मना हसवायला केली थट्टा. आता ही हट्टाला पेटली. हिचा सोभाव म्हाईत हाय ना तुमाला? आमी दोगी बहिनी. घास भरवला त्यात काय एवडं?"

सगळ्यांनी श्वास सोडला. हेच तर हवं होतं. पाटील पटकन म्हणाला, "झालं तर! थट्टा होती." बुधाजीने ठमाबाईकडे बघितलं, तिने वर पाहिलं नाही, आणि त्यानेही पुन्हा विचारलं नाही. यापुढे लग्नात दोघींपैकी एकीलाच बोलवायचं, असं ठरलं. का, ते कुणी सांगितलं नाही. माणसं उठून कामाला गेली.

घरापर्यंत दोघी एकामागे एक चालल्या. उंबऱ्यात ठमाबाई बसली.

"रागावलीस?" बायजाने विचारलं.

"न्हाय."

"घर गेलं असतं आपलं. मी काय करनार होते?"

"मना ठाऊक हाय गो." तिने पायातला काटा शोधावा तसा तळवा हातात घेतला. "तू दमत न्हायस का हे सांगून सांगून?"

बायजा सुपाशी बसली. तांदूळ निवडायला घेतले. थोड्या वेळाने म्हणाली, "दमते." आणि निवडत राहिली.

पावसाच्या तोंडावर काशी माहेरपणाला आली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती एकटीच दोघींच्या दारात उभी राहिली. ठमाबाईने तिला आत बोलावलं, बसायला दिलं. वर्षाच्या आतली सासुरवाशीण, हातात हिरवा चुडा. बायजाला वाटलं, पोर मायेनं आली.

काशी बसली नाही. म्हणाली, "माझं लगीन होतं ते."

बायजाने हातातलं काम खाली ठेवलं.

"सगली तुमचंच बोलतात. मना सासरी कोन काशी म्हनत न्हाय. ती त्या लग्नातली, असं म्हनतात. मी नाव काय घेतलं ते कोनाला आठवत न्हाय. मी चार दिवस जुलवून घेतलं होतं." तिने चुडा मागे सारला. "तुमाला तुमच्या घरात काय करायचं ते करायचं होतं. माझ्याच मांडवात कशाला?"

बायजा सवयीने पुढे झाली, "अगो पोरी, ती थट्टा–" पण ठमाबाईने तिला हाताने थांबवलं. ती उठली आणि त्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलीसमोर उभी राहिली.

"खरं हाय तुझं," ती म्हणाली. "तुझ्या मांडवात नको होतं. माझं चुकलं."

पंचांपुढे जे तिने म्हटलं नव्हतं ते ती काशीला म्हणाली. काशीला बहुधा भांडण हवं होतं. माफी मिळाल्यावर काय करायचं ते तिला कळेना. ती दाराकडे वळली. जाताना म्हणाली, "सासू म्हनते, तुमी दोगी नवरा-बायकोसारख्या र्‍हाता. खरंच?"

"आमी दोगी दोगींसारख्या र्‍हातो," ठमाबाई म्हणाली.

काशीने त्यावर विचार केला, आणि गेली.

चेष्टा त्या पावसाळ्यापर्यंत पुरली. पुढच्या मोसमात मिठागरावर दुसऱ्याच कुणाची भानगड निघाली, आणि "नीट" म्हणायचं लोक विसरून गेले. लोकांनाही कंटाळा येतो. पण विहिरीवरचं बोलणं थांबायचं ते थांबतच राहिलं, आणि दिवाळीत फराळाचं ताट ज्या पाच घरांतून यायचं त्यांतल्या दोनच घरांतून आलं.

पहिलं बोलावणं आलं ते आवऱ्याकडच्या एका घरून. एकीनेच यावं, असं निरोप्याने दोनदा सांगितलं. बायजा म्हणाली, जा. ठमाबाई गेली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी परत आली. बायजा दारातच होती.

"आवाज लागला?"

"लागला."

"दुसरी ओल कोनी धरली?"

"घरातल्याच बायांनी. चुकत व्हत्या, पन धरली."

"लोक?"

"खूश होते. मना लुगडं दिलं." ठमाबाईने लुगडं खुंटीवर टाकलं. बायजाला कुठेतरी वाटलं होतं की आपल्याशिवाय लग्न अडेल, तिचा गळा दाटेल, कुणीतरी म्हणेल बायजाला आणा. तसं काही झालं नव्हतं. लग्न लागलं होतं.

"मग पुढच्यालाही जा," बायजा म्हणाली.

"न्हाय जानार."

"का?"

"दोन दिवस कोनाशी बोलायला न्हाय तिथं." ठमाबाई भिंतीला पाठ टेकून बसली. "आता पाय पन दुखतात."

ती पुन्हा गेली नाही. बोलावणीही फार आली नाहीत. हरेश्वरचा कर्णा आता गावोगाव फिरत होता आणि तबकडीवरची गाणी नव्या पोरींना आवडत होती. पाटलाने मात्र आपल्या पुतण्याच्या लग्नात निरोप न धाडता स्वतः येऊन सांगितलं, "दोगी या, जेवायला." दोघी गेल्या, मागच्या पंगतीत जेवल्या, आणि आल्या. कुणी काही बोललं नाही. दोघींच्या दोन्ही बाजूंची पानं मात्र रिकामी राहिली.

एकसष्ट साली बायजाला दिसेनासं झालं. मिठाच्या पांढऱ्या उन्हात पंचवीसेक मोसम काढल्यावर बऱ्याच जणांचं तसं होतं. उरणच्या डॉक्टरने सांगितलं, मुंबईला न्या, एक डोळा वाचेल. ठमाबाईने दोन लुगडी आणि भाकऱ्या बांधल्या, आणि सकाळच्या लाँचसाठी दोघी मोऱ्याच्या धक्क्यावर आल्या. फळीवरून चढताना ठमाबाईने तिला कमरेला धरून नेलं. आता खरोखरच वाट दिसत नव्हती, तेव्हा कुणाला काही सांगायचं कारण नव्हतं.

लाँच सुटली. वारा तोंडावर येत होता, पाणी हलत होतं. बायजाला मळमळायला लागलं तशी तिने डोकं ठमाबाईच्या खांद्यावर टाकलं. ठमाबाईने तिचे केस कानामागे सारले, हात हातात घेतला आणि मांडीवर ठेवला. बोटांत बोटं गुंतवून. समोरच्या बाकावर एक बाई नवऱ्यासोबत बसली होती. अंगावर चांगलं पातळ, पायाशी भाजीच्या पाट्या. ती बराच वेळ त्या हातांकडे बघत होती. बायजाला ती दिसत नव्हती, पण बघतंय कुणीतरी हे तिला कळत होतं. ते कळायला डोळे लागत नव्हते.

"कोन गो तुमची ही?" बाईने विचारलं. "बहीन का?"

ठमाबाईने बायजाकडे बघितलं. या प्रश्नाला उत्तर देणं हे बायजाचं काम होतं.

बायजाने तोंड उघडलं. बहीण, मावसबहीण, जाऊ, शेजारीण. सगळी उत्तरं तिथेच होती, आणि त्यांतलं एकही उचलायची ताकद तिच्यात उरली नव्हती. डोळे चुरचुरत होते.

"न्हाय," ती म्हणाली. "बहीन न्हाय. आमी एकत्र र्‍हातो."

"म्हंजे?"

"म्हंजे तेच. चोवीस वर्सं झाली."

बाईने पातळ सावरलं. मग तिने नवऱ्याच्या कानात काहीतरी सांगितलं. नवऱ्याने एकदा दोघींकडे पाहिलं आणि पाट्या उचलल्या. दोघं उठून पलीकडच्या बाजूला जाऊन बसली.

"गेली?" बायजाने विचारलं.

"गेली," ठमाबाई म्हणाली. "बाक रिकामा झाला. पाय लांब कर."

बायजाने पाय समोरच्या बाकावर टाकले. ठमाबाईने आपला खांदा थोडा खाली केला, म्हणजे तिची मान अवघडू नये. भाऊचा धक्का यायला अजून बराच वेळ होता, आणि बायजाला थोडी झोप लागली.